गाडी गरम झाल्यावर बंद पडते

३ नोव्हेंबर, सोमवार

टायरवाल्या कंपनीकडून दरवर्षी एक डायरी येते. दरवर्षी तिच्यावर ग्रीसचा डबा बसतो. यंदाची दहा महिने कोरी होती. आज जेवणाच्या सुट्टीत उघडली, कारण सकाळी जे झालं ते कोणाजवळ बोलावं ते कळेना.

साडेनऊला टोचन लावून एक राखाडी गाडी आली. मागून टॅक्सीतून एक बाई आणि एक म्हातारे गृहस्थ उतरले. बाई शाळेत भाषा शिकवतात. गाडी त्यांच्या नवऱ्याची, आणि नवरा माझं जुनं गिऱ्हाईक. गाडीचं दार कधी आपटणार नाही असा माणूस. मी आपलं हसत विचारलं, "साहेब नाही आले?"

"ते गेले," बाई म्हणाल्या. "अठरा दिवस झाले."

बाहेरच्या मोठ्या रस्त्यावर, पुलाच्या वळणावर गाडी बंद पडली. काय झालं ते बघायला ते खाली उतरले आणि मागून आलेल्या टेम्पोने त्यांना उडवलं. गाडीचा फक्त एक मागचा दिवा फुटला आहे. सरकारी तपासनीसाने लिहून दिलंय, गाडीत दोष आढळला नाही. किल्ली फिरवली की ती आपली चालू होते.

"ते दोन महिने म्हणत होते, गाडी मधेच बंद पडते," बाई म्हणाल्या. "मला एवढंच शोधून द्या, ते म्हणत होते ते खरं होतं का."

कामाच्या कार्डावर 'तक्रार' असा रकाना असतो. काय लिहू म्हणून विचारलं तर म्हातारे, म्हणजे त्यांचे सासरे, म्हणाले, "लिहा, गाडी गरम झाल्यावर बंद पडते. तो तसंच म्हणायचा."

त्यांना सांगितलं नाही ते इथे लिहितो. सप्टेंबरात तो माझ्याकडे हीच तक्रार घेऊन आला होता. पंधरा मिनिटं इंजिन चालवून पाहिलं, स्कॅनर लावला, काही आढळलं नाही. पेट्रोल खराब लागलं असेल अशी समजूत झाली. मी म्हणालो होतो, "पंप बदला साहेब. गाडीतला नव्हे, पेट्रोल भरायचा." तो हसला होता.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज सुरुवात केली. टोपी सोबतीला. टोपी म्हणजे आमचा पत्र्याचं काम करणारा, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. झोपतानाही टोपी काढत नाही असा त्याच्याबद्दल प्रवाद आहे. त्याच्या डाव्या हाताला कोपरापर्यंत भाजल्याची खूण आहे. तरुणपणी कुणाच्या तरी गरम इंजिनावर पेट्रोलची नळी घाईने सोडवली होती. त्यामुळे पेट्रोलच्या कामात तो माझी सासू होतो.

दोन्ही शटर वर. वेल्डिंग आणि ग्राइंडर बंद. आग विझवायचा सिलिंडर हाताशी, पिन तपासून. इंजिन पूर्ण गार. आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालवलं. नळीतलं पेट्रोल संपलं, ते आपोआप बंद पडलं. मग बॅटरीची वायर काढली. मग चष्मा, हातमोजे, जोडावर फडकं गुंडाळून नळी हळूच सैल केली. तरीही चमचाभर पेट्रोल फडक्यात आलंच. फडकं बाहेर मोकळ्यावर नेऊन ठेवलं. मग प्रेशरचं गेज जोडलं.

टोपी म्हणाला, "थेट पंपाला वायर मारून बघितलं असतंस तर दोन मिनिटांत कळलं असतं, असं म्हणणारे आता भिंतीवर हार घालून बसलेत."

सुरू केल्यावर प्रेशर बरोबर, जराही हलत नाही. बाई आणि सासरे दारातल्या बाकावर चार तास बसून होते. काही आढळलं का, एवढंच जाताना विचारलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

दोन दिवसांत रिले बदलून पाहिला, फ्यूजचे पाय पाहिले, टाकीवरचा कनेक्टर पाहिला. सगळं ठीक. पंप किती वीज ओढतो तेही मोजलं. तेही ठीक.

या गाडीत पंपाला वीज थेट मिळत नाही. मधे एक कंट्रोल युनिट असतं, ते इंजिनाच्या मागणीप्रमाणे पंप जोरात किंवा हळू फिरवतं. ते डिकीत डाव्या बाजूला, पॅनेलच्या आत असतं. तिथे जायचं म्हणजे सगळं खोलावं लागतं. आधी सोपं ते बघून घ्यावं, अवघड शेवटी.

बायको आमचा फोन आणि कार्डं सांभाळते. दुपारी डबा उघडता उघडता म्हणाली, "अहो, या गाडीला मागचा कॅमेरा आपणच बसवला होता ना? दोन वर्षं झाली. त्याच आठवड्यात आपण चौदा गाड्यांना बसवले होते."

मी म्हणालो, कॅमेऱ्याचा आणि पेट्रोलचा काय संबंध. तिला वायरिंगमधलं काय कळतं. ती उठून कार्डं लावत बसली. जेवलीही कमीच.

८ नोव्हेंबर, शनिवार

बाई रोज येतात. शाळेतून रजा घेतली आहे. त्यांना सांगितलं, तुम्ही कशाला त्रास घेता, मी फोन करीन. म्हणाल्या, "घरी बसून तरी काय करू."

सासऱ्यांना सगळं समजून घ्यायचं असतं. बाकावरून उठतात, हात पाठीशी बांधून वाकतात आणि विचारतात. आज म्हणाले, "गाडीत पेट्रोल असताना पेट्रोल मिळत नाही, हे कसं?" मी म्हणालो, "काका, टाकीत आहे पण पोचवणारा मधेच हात सोडतो." ते बराच वेळ मान हलवत राहिले. मग म्हणाले, "लहानपणी तो माझं बोट धरून चालायचा नाही. मीच त्याचं मनगट धरायचो."

एक नवा पंप मागवला आहे. बहुधा तोच असणार.

११ नोव्हेंबर, मंगळवार

पंप बसवला नाही. टोपीने अडवलं. म्हणाला, "मोजल्याशिवाय बदलायचं नाही असं तूच आम्हाला शिकवतोस. तुला झालंय काय?"

म्हणून आज रस्त्यावर नेऊन मोजलं. मालगोदामांच्या मागे एक रस्ता आहे, सकाळी तिथे कुत्रंही नसतं. गेज काचेवर बाहेरून वायपरखाली बांधलं, नळी दरवाज्यापासून लांब. पेट्रोल असलेली नळी गाडीच्या आत कधीच आणायची नाही. पंपाच्या वायरीवरून मीटरच्या लांब तारा पुढे घेतल्या, त्यांनाही आपला फ्यूज. मी चालवत होतो, टोपी शेजारी आकडे वाचत होता. मागून आमचा वॉशिंगवाला दुसऱ्या गाडीत, चारही दिवे लुकलुकवत.

चाळीस मिनिटं काही नाही. सत्तेचाळिसाव्या मिनिटाला टोपीचा आवाज बदलला. "पडतंय. बारा. दहा. सात. गेज पण खाली."

आणि गाडी गेली. आवाज नाही, झटका नाही. दिवे चालू, रेडिओ चालू, आणि पायाखाली काहीच नाही. कडेला घ्यायला जेवढा वेग लागतो तेवढाही उरला नाही. वीस मिनिटांनी किल्ली फिरवली तर जणू काही झालंच नव्हतं अशी चालू झाली.

परत आल्यावर बाईंना सांगितलं, दोष आहे. पंपात नाही, पंपाला वीज पोचवण्यात आहे.

"नक्की?"

"डोळ्यांनी पाहिलं."

त्या उठून हात धुवायच्या नळाशी गेल्या आणि नळ सोडून नुसत्या उभ्या राहिल्या. पाणी वाहत होतं. कुणी बंद करायला गेलं नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

कंट्रोल युनिटकडे येणारी वीज पूर्ण आहे. इंजिनाकडून येणारा हुकूमही बरोबर. आता दोनच गोष्टी उरल्या. युनिट स्वतः, किंवा त्याचा अर्थ, म्हणजे बॉडीला जोडलेली परतीची वायर.

आज डोळे थकले होते. पॅनेल उद्या काढू.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

काल गेलोच नाही. घरी पडून राहिलो, अंग दुखतंय म्हणून. बायको कपाळाला हात लावून म्हणाली, "ताप नाहीये." मग माझ्या शेजारी बसून राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "जाऊन उघडा. न उघडल्याने काही बदलणार नाहीये."

म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मलाही होतं का? लिहायला बसल्यावर खोटं बोलवत नाही. कार्डावर गाडीचा नंबर लिहिताना तो कॅमेरा आठवला होता. म्हणून तर मी टाकी, रिले, पंप, जगभर हिंडून आलो.

आज सकाळी पॅनेल काढलं. युनिटच्या अर्थच्या बोल्टाखाली दोन गोल टोकं. खालचं कंपनीचं. वरचं माझं, कॅमेऱ्याच्या वायरीचं. माझंच, कारण मी टेप तिरका गुंडाळतो. खाली रंग खरवडलेला आणि तसाच सोडलेला. हिरवी बुरशी धरावी तसा गंज. बोल्ट दोन बोटांनी फिरला.

हात लावला तेवढाच. पुन्हा होता तसा ठेवून फोटो काढले आणि मीटर लावून इंजिन चालू ठेवलं. आकडा म्हणजे त्या जोडात वाया जाणारी वीज; गार असताना जवळजवळ शून्य. गरम झाल्यावर एक व्होल्ट, दोन, साडेतीन. मग इंजिन बंद.

त्या आठवड्यात चौदा गाड्या होत्या. घाई होती. नवी जागा शोधून भोक पाडण्यापेक्षा समोर तयार बोल्ट होता.

टोपीने बघितलं आणि टोपी काढली. खरंच काढली. टक्कल आहे. मग म्हणाला, "दोन वर्षांचा ओलावा आहे, खड्डे आहेत. एकट्या तुझ्यावर कशाला घेतोस?" मी म्हणालो, "तू गप्प बस."

बाई आल्यावर त्यांना डिकीपाशी नेलं. बोल्ट दाखवला. हे कोणी केलं ते सांगितलं. कागदावरचं वाचावं तसं सांगून टाकलं, मधे थांबलो असतो तर पुढे बोलता आलं नसतं.

त्यांनी बोल्टाकडे पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं. सासऱ्यांना म्हणाल्या, "चला बाबा." आणि गेल्या.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

चार दिवस कोणी आलं नाही. राखाडी गाडी तशीच उभी. बाकीची कामं करतो. प्रत्येक बोल्ट तीनदा आवळतो. टोपी म्हणतो असंच चाललं तर गाड्या सोडवायला कटर लागेल.

आज सासरे एकटे आले. मी खुर्ची दिली. चहा घेतला नाही. विचारलं, "वायर बसवलीत त्या दिवशी तुमच्या मनात काय होतं?"

मी आठवून पाहिलं. "काहीच नव्हतं काका. लवकर आटपावं, एवढंच."

"मी आयुष्यभर शिवणकाम केलं," ते म्हणाले. "कितीतरी शिवणी अशाच घातल्या असतील. लवकर आटपाव्यात म्हणून. पण कपडा उसवला तर माणूस मरत नाही." ते उठले. "मी तुम्हाला माफ करायला आलेलो नाही. शिव्या द्यायला आलो होतो. इथे आल्यावर ते जमेना."

फाटकापर्यंत सोडायला गेलो तर हाताने थांबवलं. एकटेच गेले, भिंतीला हात लावत.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी बाई आल्या. "बोल्ट आवळलात?"

"नाही. तुम्ही सांगेपर्यंत हात लावणार नव्हतो."

"मला ती बंद पडताना बघायची आहे. मी चालवणार."

मी नको म्हणालो. टोपी म्हणाला, "ने. मागे मी राहतो." म्हणून त्याच मालगोदामांच्या रस्त्याला गेलो. टोपी मागच्या गाडीत, दिवे लुकलुकवत, रस्त्याच्या दोन्ही टोकांना लाल त्रिकोण ठेवून. बाई चालवत होत्या, मी शेजारी. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पुन्हा परत. पाऊण तास हेच चाललं.

मग गाडी गेली. पुढे सरकत सरकत थांबली. बाईंनी स्टिअरिंग सोडलं नाही.

"एवढंच?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं मोठा आवाज होत असेल. धक्का बसत असेल."

"नाही. अशीच जाते."

"त्यांनी त्या दिवशी इथूनच फोन केला. म्हणजे अशाच बंद गाडीतून. म्हणाले, परत बंद पडली, तू परस्पर पुढे जा. माझ्या भावाकडे जेवायला जायचं होतं. मी म्हणाले, तुम्हाला यायचं नाही तर सरळ सांगा, गाडीला कशाला मधे घालता. ते म्हणाले, बरं, बघतो मी. आणि उतरून बघायला गेले."

इंजिन गार होताना टकटक आवाज येतो, तेवढाच येत होता.

मग मी सप्टेंबरचं सांगितलं. पंधरा मिनिटं. पंपाचा विनोद. तो हसला तेही सांगितलं.

बाई समोर बघत होत्या. "म्हणजे आपण दोघांनीही त्यांचं ऐकलं नाही."

वीस मिनिटांनी गाडी चालू झाली. परत येताना मी चालवली.

२४ नोव्हेंबर, सोमवार

बाईंना लेखी हवं होतं. पोलिसांत देणार आहेत, तसं त्यांनी तोंडावर सांगितलं. मी हो म्हणालो. काल दिवसभर बसून लिहिलं होतं. "कॅमेऱ्याची वायर जोडताना अर्थचा बोल्ट सैल राहिला. सप्टेंबरमध्ये तपासणी झाली, तेव्हा दोष आढळला नाही."

बाईंनी बाकावर बसून वाचलं. पेन मागितलं. मला वाटलं सही करतायत. त्यांनी दोन ठिकाणी खाली रेघ मारली, वही तपासावी तशी.

"सैल राहिला. कोणी ठेवला? तपासणी झाली. कोणी केली? यात माणूसच नाही."

मी कागद घेतला. काउंटरवर बायको होती. तिने नवा कोरा कागद पुढे सरकवला. मी लिहिलं, मी बोल्ट सैल ठेवला. मी पंधरा मिनिटं गाडी पाहिली आणि त्यांना परत पाठवलं. दोन ओळींना अर्धा तास लागला. खाली सही केली.

बाईंनी पुन्हा वाचलं. घडी घातली, पर्समध्ये ठेवली. "आता बरोबर आहे," म्हणाल्या. त्या आवाजात राग नव्हता, दुसरंही काही नव्हतं. खूप दमलेल्या माणसाचा आवाज होता.

गाडी दुरुस्त करू का म्हणून विचारलं. "करा. बाबा म्हणतात ठेवूया." नवा अर्थ वेगळ्या जागी घेतला, युनिट नवं टाकलं, दोन तास चालवून मोजलं. आकडा शून्यावरून हलला नाही. एवढं सोपं काम होतं ते.

१ डिसेंबर, सोमवार

ठाण्यात जबाब झाला. अडीच तास. पुढे काय होईल ते वकिलालाही सांगता येत नाही. एक अधिकारी म्हणाला, "स्वतःहून लिहून देणारा पहिल्यांदाच बघतोय." मला त्याचं बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

परत आल्यावर बायकोने जुनी कार्डं काढून ठेवली होती. त्या आठवड्यातली चौदा. त्यातल्या नऊ गाड्या याच मॉडेलच्या. नऊपैकी एक राखाडी. उरल्या आठ. दोघांनी मिळून फोन करायला सुरुवात केली. काय सांगायचं ते आधी ठरवलं होतं, फुकट तपासणी आहे म्हणून. पहिल्या फोनला बायकोने तेच सांगितलं. दुसरा मी लावला आणि म्हणालो, "माझ्या हातून तुमच्या गाडीत चूक झाली आहे. उद्या आणा. तोवर मोठ्या रस्त्याला नेऊ नका."

तो माणूस पाच मिनिटं शिव्या देत होता. पण आणतो म्हणाला.

९ डिसेंबर, मंगळवार

सहा झाल्या. चारांत बोल्ट घट्ट आहे. एकीत गंज धरू लागला आहे. आणि आज आलेली निळी, जिच्या मागच्या सीटवर लहान मुलाची खुर्ची आणि बिस्किटांचा चुरा, तिच्यातला दोन बोटांनी फिरला.

तिची मालकीण म्हणाली, "हो, मधे दोनदा बंद पडली होती. माझा नवरा म्हणतो, तुला क्लच सोडता येत नाही."

तिच्यासमोरच बोल्ट काढला, दाखवला. ती गेल्यावर मागच्या अंगणात जाऊन बसलो. टोपी येऊन शेजारी बसला. मग म्हणाला, "ही एक वाचली म्हण." मला तसं म्हणता येईना.

१३ डिसेंबर, शनिवार

सात. आठवीचा पत्ता लागत नाही.

पांढरी आहे. मालकाने गेल्या वर्षी विकली, घेणाऱ्याने पुढे आणखी कोणाला दिली. तिसऱ्याचा फोन बंद. नोंदणी कार्यालयात तीन खेपा घातल्या, तिथे जुनाच पत्ता आहे. तो पत्ता बघून आलो. तिथे आता शिकवणीचे वर्ग भरतात.

आज सकाळी बाई गाडी घेऊन आल्या. त्या स्वतः चालवू लागल्या आहेत. शाळा पुन्हा सुरू केली. फुटलेला मागचा दिवा बदलून घ्यायचा होता, तेवढंच काम. थांबल्या होत्या तेव्हा काउंटरवर चौदा कार्डं दिसली. मी सांगितलं काय आहे ते.

"नंबर काय तिचा?" त्यांनी विचारलं.

मी सांगितला. त्यांनी तो पर्समधल्या छोट्या वहीत लिहून घेतला, खाली दोन रेघा मारल्या. "माझं शाळेत जाणं-येणं रोज चाळीस मिनिटांचं आहे," म्हणाल्या. "मी बघत जाईन."

त्या गेल्यावर मी नाक्यापर्यंत चालत गेलो. सिग्नल लागला होता. पांढऱ्या गाड्या पाच होत्या. एकेकीच्या मागे जाऊन नंबर वाचला. पाचवीच्या ड्रायव्हरने काच खाली करून विचारलं, काय हवंय. मी म्हणालो, "काही नाही. तुमची गाडी बंद पडते का हो मधेच?"

तो नाही म्हणाला, आणि सिग्नल सुटला.